आत्या, अंक आणि सातवा साक्षीदार

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला फार खाली वाकणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असं तू म्हणतेस. म्हणून या वेळी सरळ उभी राहूनच नमस्कार करते. तुझा गुडघा कसा आहे? आतोबांना झोप लागते का? दुकानातल्या आरशाला गेलेला तडा वाढला नाही ना? इकडे सगळे ठीक आहेत. निदान एकमेकांशी बोलणारे ठीक आहेत. न बोलणाऱ्यांची संख्या गेल्या महिन्यात वाढली. त्याचं कारण हे पत्र वाचताना तुझ्या लक्षात येईलच, पण ते माझ्याकडून आलेलं बरं.

आम्ही विद्यार्थ्यांनी मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान या विषयांचं नियतकालिक काढलं आहे, हे तुला माहीत आहे. नाव 'मन आणि मज्जा'. (नाव मार्गदर्शक सरांनी सुचवलं. पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे बावीस विनोद आणि एक कोडं आलं. शोधनिबंध एकही नाही.) विभागाच्या अडगळीच्या खोलीत आमचं कार्यालय आहे. तिथे तीन पायांची खुर्ची आहे आणि प्लास्टिकचा एक मेंदू आहे. त्याचा कानाजवळचा तुकडा हरवलाय, त्या खळग्यात आम्ही चिकटपट्टी ठेवतो. मी संपादक. आकडेमोड बघणारी एक मुलगी आहे, तिला सगळे सरासरी म्हणतात. आणि मेंदू. म्हणजे प्लास्टिकचा नव्हे. ज्याला मी त्या रविवारी तुझ्याकडे जेवायला आणलं होतं, तो.

तो मध्येच जेवायचा थांबला, आठवतं? (हे तुला विचारणं म्हणजे पोस्टमनला पत्ता विचारणं.) तुला वाटलं त्याला भाजी आवडली नाही. तसं नव्हतं. धाकट्या काकांनी स्वतःच्या लग्नात तुझ्या कपड्यांना काय नाव ठेवलं, ते तू सांगत होतीस. कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या हातात काय होतं, कोण हसलं आणि कोण हसून मग खोकल्यासारखं केलं, सगळं. त्यानंतर तू मागच्या लग्नाकडे वळलीस, मग त्याच्या मागच्या. मेंदू परत येताना वाटभर तिकिटाच्या मागे काहीतरी टिपत होता. शेवटी म्हणाला, "तुझी आत्या म्हणजे खजिना आहे." मी म्हटलं, आम्ही वेगळा शब्द वापरतो.

पुढच्या तीन रविवारी तो एकटाच आला आणि घराण्याचा इतिहास लिहितोय असं सांगून तुला प्रश्न विचारत बसला. तो इतिहास नव्हता, आत्या. तो शोधनिबंध होता. शीर्षक, 'एकही चूक न करणारी स्मृती: एका व्यक्तीचा अभ्यास'. ती व्यक्ती तू. घाबरू नकोस, नाव कुठेही नाही. आमच्याकडे नावं झाकायची पद्धत आहे. लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नाही, परीक्षकाचं लेखकाला कळत नाही आणि सरांना कुणाचंच आठवत नाही. तू त्यात 'क्ष' आहेस. वय पन्नाशीपुढे, व्यवसाय दृष्टीशी संबंधित, स्वभाव या रकान्यात 'सहकार्यशील'. (तो रकाना मी भरलेला नाही.)

लेख दोन परीक्षकांकडे गेला. पहिल्याने लिहिलं की लेख उत्तम आहे, फक्त विषय, पद्धत आणि निष्कर्ष बदलावेत. दुसऱ्याने लिहिलं की अशी व्यक्ती असूच शकत नाही, झालेला प्रत्येक अपमान इतक्या बारकाव्यानिशी कुणी सांभाळून ठेवत नाही, माहिती बनावट दिसते. त्याला आत्या नसावी. त्याची अट अशी की तू सांगितलेला प्रत्येक प्रसंग तिथे हजर असलेल्या माणसांकडून पडताळून घ्यावा. मेंदूने तुझ्याकडे नातेवाइकांचे नंबर मागितले. तू वर न पाहता, भाजी निवडता निवडता सगळे तोंडपाठ सांगितलेस. सातवा सांगताना म्हणालीस, "हा उचलायचा नाही. मी ओळखते त्याला."

आता तुला कळलं असेल, धाकट्या काकांनी गेल्या महिन्यात अचानक फोन करून तुझी माफी का मागितली आणि माफी मागता मागता भांडण का उकरून काढलं. त्यांना मेंदूने विचारलं होतं, "लग्नाच्या जेवणात तुम्ही बहिणीच्या कपड्यांना भिंतीचा रंग म्हणालात, बरोबर की चूक?" काका म्हणाले, साफ चूक. दहा मिनिटांनी त्यांचाच उलटा फोन आला, "पडदा म्हणालो होतो, भिंत नाही. आणि तो मी नाही, आमची ही म्हणाली होती, मी फक्त मान डोलावली." काकू शेजारीच उभ्या होत्या. सरासरीने हा प्रसंग 'अंशतः दुजोरा' या सदरात टाकला. काकू त्या दिवसापासून काकांशी बोलत नाहीत. हे मात्र आमच्या कुठल्याच सदरात बसलं नाही. आतोबांना चाळीस प्रश्न विचारले. चाळिसांना त्यांनी एकच उत्तर दिलं, "ती म्हणते तसंच असेल." सरासरीने ते शंभर टक्के सहमती म्हणून धरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका स्वच्छ आकडा तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

पडताळणीत तू प्रत्येक ठिकाणी खरी ठरलीस (काकांचा पडदा आम्ही भिंतीतच धरला). सरांनी शीर्षक वाचून आनंद व्यक्त केला (पुढे ते वाचत नाहीत), आम्ही मुखपृष्ठ छापून घेतलं, आणि सातवा साक्षीदार तेवढा राहिला. तो उचलायचा नाही असं तूच सांगितलं होतंस, म्हणून मेंदूने त्याला शेवटी ठेवलं होतं. भर दुपार होती. मी समोर बसून पानांना पिना मारत होते. नंबर मला दाखवायचे नाहीत असा नियम, पण फोन स्पीकरवर ठेवायचा हाही नियमच, कारण दुसऱ्या फोनवर आवाज मुद्रित करावा लागतो. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. पलीकडचा माणूस दोनदा खाकरला.

"नाव सांगू नका," मेंदू म्हणाला. "नियम आहे."

"अरे, फोन तू केलास. माझं नाव मी का नको सांगू?"

"ते गुप्त ठेवायचंय. मला फक्त बरोबर की चूक सांगा. तुमच्या बहिणीने चष्म्याचं दुकान काढलं, त्या दिवशी सगळे आले, तुम्ही आला नाहीत."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "गेलो होतो."

"पण त्यांना तुम्ही दिसला नाहीत."

"दारापर्यंत गेलो होतो. आत ती कुणाला तरी सांगत होती, तो यायचा नाही, मी ओळखते त्याला. म्हटलं, इतकी खात्री आहे, तर कशाला खोटी पाडा. परत फिरलो."

"म्हणजे बरोबर लिहू की चूक?"

"तिचं बरोबरच असतं रे. लहानपणापासून." पुन्हा खाकरणं. "तुझं जेवण झालं का?"

मेंदूने 'चूक' लिहिलं आणि फोन ठेवला. माझ्या हातातली पिन अंगठ्यात गेली होती.

सातवा साक्षीदार कोण, हे मी तुला सांगू शकत नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. एवढंच सांगते की तो पुरुष आहे, तुझ्याहून मोठा आहे, त्याचा चष्मा सारखा नाकावर घसरतो कारण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन करून आणतो, आणि तो माझ्या आईचा नवरा आहे. याहून अधिक काही सांगणं नियमाविरुद्ध होईल. (आत्या म्हणजे वडिलांची बहीण, तेव्हा आत्याचा थोरला भाऊ म्हणजे कोण, हे मेंदूला कळायला हवं होतं. पण तो मेंदूचा फक्त अभ्यास करतो. वापर पुढच्या वर्षाला आहे.) आणि तो नंबर आमच्या घरातल्या जुन्या फोनचा आहे. त्या फोनवर आता कुणी बोलत नाही. आई दर सहा महिन्यांनी म्हणते काढून टाकू या, आणि ते म्हणतात, असू दे.

आता आमच्या कार्यालयात युद्ध आहे. मेंदू म्हणतो, सातवा साक्षीदार अपवाद आहे, गाळून टाकू, नाहीतर शीर्षक खोटं ठरेल. सरासरी म्हणते, चाळिसात एक चूक म्हणजे जवळजवळ शून्यच, आणि शून्य जास्त सुटसुटीत दिसतं. सर म्हणतात, मुखपृष्ठ छापून झालंय ना? मी म्हटलं, सातवा साक्षीदार गाळला तर अंक निघणार नाही. तेव्हा मेंदूने माझ्यावर घराणेशाहीचा आरोप केला आणि तीन पायांच्या खुर्चीवर तावातावाने बसला. ते त्याने करायला नको होतं. आता त्याच्याही गुडघ्याला तुझंच मलम लावतो आहोत.

शांत झाल्यावर तो म्हणाला की एका परीने तुझी स्मृती अजूनही निर्दोष आहे. भाऊ आत आला नाही, हे तुला जसंच्या तसं आठवतं, आणि तो आत आला नव्हताच. दाराबाहेरचं तुला दिसलं नाही, त्याला मेंदू काय करणार? मी म्हटलं, हेच वाक्य लेखात लिही. तो म्हणाला, याला संदर्भ कुठला देऊ?

असो. लोभ आहे असं धरून चालले आहे. हे सगळं वाचून झाल्यावर जो उरेल तो कळव.

तुझी भाची
(संपादक, सध्या तरी)

ता. क. तुझ्यावरचा लेख छापायला तुझी संमती लागते. ती आधी घ्यायची असते. आम्ही नंतर घ्यायचं ठरवलं, कारण आधी मागितली असती तर तू दिली नसतीस. तू नाही म्हणालीस तर अंकात माझं संपादकीय आणि ते कोडं एवढंच उरेल.

आणखी एक. वरचा ताजा कलम मेंदूने माझ्या मागे उभं राहून लिहून घेतला. तो आता चहाला गेलाय. संमती द्यायची तर सातव्या साक्षीदारासकट दे. नाहीतर देऊ नकोस. कोडं तसं बरं आहे.

शेवटचं. बाबांच्या चष्म्याची दांडी काल तुटली. (मला वेळ लागला. त्या दुसऱ्या टोकाच्या दुकानदाराचा माल, तुला आवडणार नाही, पण मजबूत आहे.) चष्म्याशिवाय त्यांना एवढ्या लांब जाता येत नाही, आणि तुझं दुकान दोन वळणांवर आहे. शनिवारी संध्याकाळी हाताला धरून मी त्यांना तुझ्या दारापर्यंत आणते. कुठल्या दुकानात नेते आहे ते त्यांना सांगितलेलं नाही. आम्ही पायऱ्या चढत असू तेव्हा आत कुणाशीही त्यांच्याविषयी काही बोलू नकोस. दिसत नसलं तरी त्यांना ऐकू चांगलं येतं.