बनी पार्कातला संसार

रविवार, ७ फेब्रुवारी १९८८

बाईचा नाही हा घागरा! शालन सकाळपासून हेच घोकते आहे. पलंगभर पसरून ठेवलाय. किरमिजी रंगाचा, खाली जरीचा पट्टा, दोन ठिकाणी उसवलेला. शास्त्री नगरच्या तिच्या शिवणक्लासात काल एक म्हातारे गृहस्थ दुरुस्तीला देऊन गेले. शालनने टेप लावून बघितली, लांबी चव्वेचाळीस इंच. "एवढी उंच बाई मी तरी जयपुरात बघितली न्हाई. आणि कंबर बघ, सरळसोट. बापयाची हाय ही."

मी म्हटलं, असेल कुणी धिप्पाड ठाकुराईण. तर म्हणे, "तू टेलिफोन जोड. कापडातलं तुला काय कळतंय!"

खरं आहे. मला आवाजातलं कळतं. रेल्वेच्या एक्स्चेंजमध्ये एकवीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेय. माणूस खोटं बोलतोय का खरं, तिसऱ्या शब्दाला सांगते.

बुधवार, १० फेब्रुवारी

म्हातारे आमच्या क्वार्टरवरच आले घागरा न्यायला. नाव गुलाबचंदजी. सत्तरी गाठलेली, धोतर, वर स्वेटर. शालनने काही विचारलं नाही. घडी हातात देत तिच्या हिंदीत म्हणाली, "कमर में दो इंच माया रखी है. लगी तो छोड देना."

गुलाबचंदजी बघतच राहिले. "माया?" मग मी सांगितलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, त्याला आमच्यात माया म्हणतात. म्हातारा असा हसला! म्हणाले, "जिनका है वो तो गुज़र गए. पर अच्छा किया, रख दी."

जाताना दारात थांबून दोघींकडे बघितलं. "बनी पार्क में मेरा छोटा-सा अजायबघर है. इतवार को आइए. दोनों."

'दोनों' जरा सावकाश म्हणाले. माझ्या कानातून सुटलं नाही ते.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

कुर्डुवाडीहून बळवंतदादाचं पत्र. शालनचा थोरला भाऊ. रेल्वे वर्कशॉपात फिटर. मार्चमध्ये येतोय — तिला न्यायला. त्याच्याच वर्कशॉपातला भीमराव म्हणून कुणी आहे, बायको वारली, दोन मुली. 'माणूस निर्व्यसनी आहे. तुझं वय आता एकोणचाळीस, यापुढे स्थळ यायचं नाही. मालनबाईंच्या अंगावर किती दिवस राहणार?'

अंगावर!

बारा वर्षांपूर्वी ह्याच दादाने तिला गाडीत बसवून पाठवलं होतं, माझ्याकडे, गावच्या ओळखीने, पंधरा दिवस हवापालटाला. ती परत गेलीच नाही. आमची नावं अशी, की कॉलनीने आपणच ठरवून टाकलं, मालन-शालन म्हणजे बहिणी. आम्ही कुणाला खोटं सांगितलं नाही. फक्त कुणाला दुरुस्त केलं नाही.

शालनने पत्र वाचून डब्याखाली ठेवलं आणि भाकऱ्या थापायला बसली. "काय लिहिणार?" म्हटलं. "बघू."

हे 'बघू' मला आवडलं नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

पेपरात सगळीकडे एकच. भोपाळकडे दोन पोलीस बायकांनी एकमेकींशी लग्न केलं, नोकरी गेली दोघींची. शेजारच्या इंदुमतीबाई पेपर घेऊनच आल्या. पदर तोंडावर धरून हसत होत्या. "काय गं बाई एकेक! आता नवरा कोण नि बायको कोण?" मीही हसले. शालन उठून मोरीत गेली आणि उगाच बादली विसळत बसली.

हसले म्हणून स्वतःचा राग आलाय. हसले नसते तर काय म्हणाल्या असत्या? नोकरी माझी, क्वार्टर माझं. गेलं तर दोघी कुठे जाणार?

रविवार, २८ फेब्रुवारी

जाऊन आलो. सगळं लिहायला हवं, नाहीतर उद्या वाटेल स्वप्नच पडलं.

रामनिवास बागेतलं मोठं अजायबघर, म्हणजे म्युझियम, बघून झालंय, तिथली ममीसुद्धा. गुलाबचंदजींचं अजायबघर म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली. पांढरा चुना, उंच खिडकी, तीन भिंतींवर फोटोच फोटो. चाळीस वर्षं ते एका फोटो स्टुडिओत होते, काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरायचे. काही फोटोंची एक जास्तीची कॉपी काढून ठेवायचे. कोणते? तर जोडीने आलेले. दोन फौजी, हातावर हात. दोन बायका, त्यातल्या एकीने साफा बांधलेला. मी म्हटलं, हा थट्टेत काढलेला असेल. "पहली बार मैंने भी यही समझा," ते म्हणाले. मग दुसरा फोटो दाखवला, तिसरा, चौथा. दर वर्षी यायच्या त्या, अकरा वर्षं! साफा तोच. शेवटच्या फोटोत दोघींना चष्मे लागलेत आणि साफावाली चांगली सुटलीय.

एका काचेखाली किन्नर गुरूंचं रेशनकार्ड. क्लार्कने आधी 'स्त्री' लिहून खोडलंय, मग 'पुरुष' लिहून खोडलंय, आणि शेवटी वैतागून नुसतं 'हैं' लिहिलंय. मी आणि शालन इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी! गुलाबचंदजी म्हणाले, गुरुजी स्वतः हे कार्ड सगळ्यांना दाखवून हसायच्या. मरताना म्हणाल्या, हे जाळू नका, ह्याच्यावर खरं लिहिलंय.

परवाच्या बातमीचं कात्रणही होतं. नीट कापून, तारीख घालून. इंदुमतीबाईंनी ज्याच्यावर हसू उधळलं तोच कागद, आणि इथे त्याला चौकट.

मधोमध शालनने दुरुस्त केलेला घागरा. मोहनजींचा. ख्यालात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, राणी व्हायचे ते, गावोगाव तमाशे करत. ह्या घरात सव्वीस वर्षं राहिले. "लोग पूछते, ये कौन? मैं कहता, किरायेदार." हे सांगताना आवाज जराही हलला नाही. सराव असणार.

निघताना दाराच्या वर पाटी दिसली, आतल्या बाजूने, जाणाऱ्याला दिसेल अशी. त्यांनीच रंगवलेली. 'हमारा भी एक संसार है.'

शालन तिथेच थांबली. वाचलं, पुन्हा वाचलं. आणि रडायलाच लागली — हुंदके देऊन, पदरात तोंड घालून! बारा वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नाही. गुलाबचंदजी घाबरले. "क्या हुआ? ग़लत लिखा है क्या? संसार मतलब दुनिया..."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही मराठीत वाचलं होतं! मी सांगायला लागले, आमच्यात संसार मतलब दुनिया नहीं. संसार मतलब चूल्हा. पीठ का डब्बा. दूध किसने लिया, सिलेंडर किसने लगाया, तेरी उशी, मेरी उशी, बीमार पडे तो काढा, और रोज़ का झगडा. हिंदी कमी पडली, हातवारे केले.

"अच्छा, घर-गृहस्थी," ते म्हणाले. पाटीकडे वळले. मग हळूच, "मैंने तो दुनिया लिखा था. दुनिया हमारी कहाँ हुई, बेटी! आपवाला ही था हमारे पास."

घरी येताना रिक्षात शालनने माझा हात धरला. भर रस्त्यात. मी सोडवून घेतला नाही.

सोमवार, २९ फेब्रुवारी

निघताना गुलाबचंदजींनी अजून एक विचारलं होतं, ते काल लिहिलं नाही. आमचा जोडीचा फोटो मागितला भिंतीवर लावायला. शालन लगेच हो म्हणाली. मी नाही म्हटलं.

गुरुवार, ३ मार्च

भांडण. "भिंतीवर लागायची भीती वाटती तुला. मग दादाला काय सांगू मी? कोण लागती मी तुझी? सांग की!" एक्स्चेंजमध्ये दोन कॉल चुकीचे जोडले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, १२ मार्च

सकाळची ड्यूटी संपवून एकटीच बनी पार्कला गेले. ट्रंकेतला फोटो नेला होता, १९७९ चा. दोघी कडक इस्त्रीच्या साड्यांत, खुर्चीच्या दोन बाजूंना. खुर्चीवर कुणीच बसायला तयार नव्हतं म्हणून ती मध्ये रिकामीच राहिली. गुलाबचंदजींनी लगेच खिळा ठोकला. खाली काय लिहू, विचारलं. म्हटलं, नावं लिहा. आणि कधीपासून ते लिहा.

शालनला सांगितलेलं नाही. कसं सांगावं कळत नाही, भांडणात हरले असं वाटेल. हरलेच आहे म्हणा! पण फार हलकं वाटतंय. येताना गोड म्हणून अर्धा किलो घेवर आणला. ती विचारते, कशाबद्दल? म्हटलं, असाच.

बुधवार, १६ मार्च

बळवंतदादा आला. "जयभीम मालनबाई, बरं हाय न्हवं?" आवाज तोच, लोखंडावर हातोडा मारल्यासारखा. शेंगाचटणी, कडक भाकरी, ज्वारीचं पीठ — पिशवीच्या पिशवी घेऊन आलाय. चांगला माणूस आहे, हीच पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं.

जेवताना भीमरावचा फोटो काढून शालनपुढे ठेवला. ती म्हणाली, "कढी घे अजून."

शनिवार, १९ मार्च

शालन म्हणते, उद्या दादाला बनी पार्कला नेणार. मी हादरले. "वेड लागलंय का?" तर म्हणाली, "तोंडानं सांगायला जमंना मला. डोळ्यांनी बघू दे त्याला." आणि एकदम मला आठवलं — आमचा फोटो, तिसऱ्या भिंतीवर, खिडकीशेजारी! बोलायला तोंड उघडलं तोवर दादा अंघोळ करून बाहेर आला.

रविवार, २० मार्च

दादा फौजींच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग गुलाबचंदजींना विचारलं, "ये लोगां जिंदा है क्या मर गया?" ते म्हणाले, एक जिवंत आहे. "मग त्याला बघतंय कोण?" हे मराठीतच विचारलं. गुलाबचंदजींना समजलं, म्हणाले, कुणी नाही. दादाने मान हलवली. रेशनकार्डापाशी नेलं तर हसला नाही. बोट ठेवून ठेवून वाचलं आणि पुढे गेला.

मी खिडकीशेजारी जाऊन उभी राहिले, पाठ भिंतीला लावून. मूर्खपणा! पंचेचाळीस वर्षांची बाई, फोटो झाकून उभी! दादा जवळ आला. "सरका जरा, मालनबाई."

सरकले. काय करणार?

त्याने बोट ठेवून वाचलं. 'मालन और शालन. १९७६ से.' मागून शालन आली. तिनेही तेव्हाच बघितलं. माझ्याकडे असं बघितलं — त्या बघण्यासाठी मी दहा भिंतींवर लागायला तयार आहे!

"कवा काढला ह्यो?" दादाने विचारलं.

"एकोणऐंशीला," शालन म्हणाली.

"आणि हितं कुणी लावला?"

मी म्हटलं, "मी."

आवाज जराही हलला नाही माझा. दादा वळून चपला घालायला गेला.

सोमवार, २१ मार्च

ड्यूटीवर होते तेव्हा दोघं बोलले. आल्यावर शालनने मोरीत नेऊन सांगितलं. तिने सरळ सांगून टाकलं: भीमरावला नाही म्हणून सांग, मी हिला सोडून कुठे येणार नाही, आणि ही माझी बहीण नाही हे तुला माहीतच आहे.

"मग? काय म्हणाला?"

"काय न्हाई. पाणी मागितलं."

मंगळवार, २२ मार्च

अजून काही नाही. माझ्याशी एक शब्द नाही. पण बसून का राहावं म्हणून आमचा डुगडुगणारा पाट, गळका नळ आणि खिडकीची कडी, तिन्ही दुरुस्त केली त्याने. शालन म्हणते, राग असता तर परवाच निघाला असता. मी म्हणते, राग असला तरी फिटर नळ गळका ठेवणार नाही. उद्या जातोय. कुर्डुवाडीत जाऊन चार लोकांना घेऊन आला तर? शालन गुणगुणत त्याच्यासाठी दशम्या करतेय. तिचं ओझं उतरलंय, माझं अजून नाही.

बुधवार, २३ मार्च

दादाला अहमदाबादच्या गाडीत बसवून आलो. शालन त्याच्याशी खिडकीतून बोलत होती, मी दोन पावलं मागे. गाडी हलली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मान वाकवून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडला, "येतो दाजी! पोरीला जपा!"

मी तशीच उभी. शालन म्हणाली, "बघती काय नुसती? हात कर की त्याला!"