पाटीवरचं वाक्य

लोणावळे, शनिवार, माघ वद्य तृतीया. दिवेलागण.

आज तंबूतल्या सिनेमात बायकांच्या खेळाला पडद्यावर चित्रांच्या मधे येणाऱ्या इंग्रजी पाट्या मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. बाबांनी घरीच इंग्रजी शिकवलं, म्हणून बोलावणं आलं. "आहे तेच वाच," एवढंच बाबा म्हणाले होते. तेवढंही झालं नाही.

गोष्ट परक्या मुलखातली. नायिका नवऱ्याला चिठ्ठी लिहून ठेवते. पाटीवर होतं, ‘मार खायला मी परत येणार नाही.’ माझ्या शेजारी ताई. नवऱ्याचा मार खाऊन आलेली. सोमवारी आई तिला परत सासरी धाडणार आहे. ताईपलीकडे आई. माझी जीभच उचलेना. मी वाचलं, ‘चार दिवस माहेरी जाऊन येते.’

मग ती बाई काही परत येईना. कुसगावच्या एक मावशी ओरडल्या, "अगं पोरी, चार दिस कवाच झालं की! ही बया कुटं ऱ्हायली?"

"माहेरचं लोणी लय ग्वाड लागलं आसंल!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. ताई हसली नाही.

मी कुणाला भ्याले? आईला? की ताई खरंच जाणार नाही म्हणेल, याला?

मघाशी ताई ट्रंक भरत होती. राहवेना. आई स्वयंपाकघरात, म्हणून हळूच सांगितलं, पाटीवर खरं काय होतं ते.

ताईच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. म्हणाली, "आईला ऐकू जाईल असं म्हण."

म्हटलं. आई अजून बाहेर आलेली नाही.