विनोदाच्या आधी आलेलं हसू

ब्युनोस आयर्स, बोएदो
गुरुवार, १६ जुलै १९९८

प्रिय निल्दाताई,

नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला की ग्विलिमभाऊजी उचलतात, त्रेलेऊमध्ये वारा किती सुटलाय ते सांगतात आणि ‘ती बाहेर गेलीय’ म्हणून ठेवून देतात. एवढ्या वाऱ्यात तू रोज जातेस तरी कुठे, असं विचारावंसं वाटतं. पण भाऊजी साधा माणूस, खोटं बोलताना त्यांची त्रेधा उडते. म्हणून हे पत्र.

इकडे थंडी कडाक्याची. दुकानातला हीटर वास जास्त सोडतो आणि ऊब कमी देतो. विश्वचषकात हॉलंडने आपल्याला घरी पाठवल्यापासून आपल्या गल्लीतली माणसं चार खिळे मागतानासुद्धा भांडायला आल्यासारखी मागतात. सिल्विना बरी आहे. रोसीओला शाळेच्या नाटकात झाडाचं काम मिळालंय. बोलायचं काही नाही, वारा आला की हलायचं. ती नाराज आहे, मला मात्र हायसं वाटलं.

पण काल तिच्या बाईंनी मला ओळखलंच. "तुम्ही कोर्चितो ना? एकदा म्हणा ना ते, प्लीज!" वय एकोणचाळीस, डोक्यावर केस नावाला, खिशात नळाचे वायसर, आणि वर्गातल्या सगळ्या आया वळून बघतायत. म्हटलं काय करता. खांदे उडवले आणि म्हणालो, "मी आपलं विचारलं!" सगळ्या खो-खो हसल्या. रोसीओ लाजून माझ्या कोटामागे लपली.

घरी येताना तिने विचारलं, "पप्पा, ते नक्की काय होतं?" तिला नेहमीचं सांगितलं. ‘रविवारी फेर्रांतेंकडे’ नावाची विनोदी मालिका होती. मोठं कुटुंब रविवारी जेवायला बसायचं. सगळ्यांत धाकटा नातू कोर्चितो, म्हणजे मी, मोठ्यांना नको तो प्रश्न विचारायचा. काकांनी नवी वाग्दत्त वधू आणली की मी म्हणायचो, "काका, मागच्या रविवारची काकू आजारी आहे का?" सगळं टेबल गार. मग ‘मी आपलं विचारलं!’ आणि पडद्यामागून हसू.

"पडद्यामागे कोण असायचं?"

"माझी आई," मी म्हणालो. "तुझी आजी."

आजवर किती जणांना हे सांगितलं असेल. रोसीओला सांगताना मात्र माझी जीभ जराशी अडखळली, आणि तेवढ्यासाठीच मी लिहायला बसलोय. पण जरा दमाने घेतो.

आपली मालिका सप्टेंबरपासून केबलवर रोज संध्याकाळी लागणार आहे, देशभर. तुमच्याकडेही दिसेल. त्या लोकांनी मला बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं, हल्लीच्या पोरांना मागून येणारं हसू आवडत नाही, कुणीतरी काखेत गुदगुल्या करतंय असं वाटतं. त्या वेळी मालिका पेरूला, उरुग्वेला विकायची म्हणून हसण्याचा आवाज वेगळ्या फितीवर घेत. त्यामुळे हसू ठेवता येतं, काढताही येतं. जाहिरातीवर माझंच तोंड असणार, तेव्हा तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मला ठरवायचं काय होतं? पहिल्या वर्षाच्या फिती त्यांनी केव्हाच पुसून त्यांवर मुष्टियुद्धाचे सामने भरले. आई जिवंत असतानाचं काहीच उरलेलं नाही. उरली ती पुढची चार वर्षं, आई गेल्यानंतरची, ज्यांत तिची जुनी फीत वाजवायचे. आधी उचकी लागल्यासारखा अडकलेला श्वास, मग वर वर चढत जाणारं हसणं आणि शेवटी ‘अय अय, मेले मी!’ त्या मासिकाने नाही का छापलं होतं, ‘स्वर्गातून लेकराला हसणारी आई’ म्हणून! माझ्याकडे आईचा आवाज म्हणून तेवढाच. तो काढायला मी कशाला सांगू?

ताई, खरं सांगतो, त्या हसण्याने मला आयुष्यभर सोडलेलं नाही. कुठल्याशा बारमध्ये कॉफी घेत असावं, कोपऱ्यातल्या टीव्हीवर जुना भाग लागावा आणि पाठीमागून आई हसावी. मी वळून बघतो. अजून बघतो. लग्नाच्या दिवशीसुद्धा सह्या करताना एकदा मागे वळलो होतो. सिल्विनाला वाटलं, पळून जायचा विचार आहे.

म्हणून तर मागच्या उन्हाळ्यात तुझा राग आला. तुझ्याकडे आम्ही सगळे जेवत होतो, टीव्हीवर कुठल्याशा आठवणींच्या कार्यक्रमात आपला तुकडा लागला, आई हसली, आणि तू सुरी टाकून उठलीस. टीव्ही बंद केलास आणि कोट न घालताच बाहेर गेलीस. रोसीओ खिडकीतून बघत होती. "आत्या अंगणात नुसती उभी आहे," म्हणाली. आणि मी भाऊजींसमोर बोललो, "हिला आईचा आवाजही सोसत नाही. कधी हसलीये का ही बाई जन्मात?" दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तू दारात भाकरीचा डबा घेऊन उभी होतीस आणि मी तो घेतला नाही.

असो. मंगळवारी दुपारी मी त्या लोकांकडे गेलो. ध्वनीचं काम बघणारी एक पोरगी आहे, चोवीस-पंचवीसची, कानात तीन-तीन बाळ्या. तिने मातेचा कडू चहा केला, क्रोसाँ आणून ठेवले. "हे हसणारे लोक खरोखरचे असायचे?" तिला खरंच वाटेना. मी रंगात आलो. सांगितलं, पडद्यामागे दोन रांगांत खुर्च्या, आठ बायका आणि एक खोकणारे म्हातारबुवा, डोक्यावर मायक्रोफोन, रोजावर हसायचं. त्यांची मुकादम एलोइसाबाई, ती बोट वर करायची तेव्हा हसायचं, खाली केलं की गप्प. आणि आईला तिथे नोकरी कशी लागली तेही सांगितलं: मला न्यायला आलेली, व्हरांड्यात कुणाच्या तरी बोलण्यावर हसली आणि दिग्दर्शक चित्रीकरण थांबवून बाहेर आला. "ही कोण? हिला आत बसवा!"

पोरगी म्हणाली, "मग ऐकू या ना. एखादी खास आठवणीतली?"

मी म्हणालो, आईच्या मातीनंतरचा पहिला गुरुवार.

तो दिवस मला कसा आठवतो ते तुला कधी सांगितलं नाही. आई गेल्यापासून मी बोलायचा थांबलो होतो, ते तुला माहीतच आहे. मी काही ठरवलं नव्हतं, शब्दच येत नव्हते. बाबा तर केव्हाच रोसारिओच्या त्या बाईकडे गेलेले, घरात तू आणि मी. तरी तू मला आंघोळ घालून, भांग पाडून स्टुडिओत नेलंस. मला टेबलाशी बसवलं. रविओलीची वाफ, दिव्यांचा उकाडा. काका नवी वधू घेऊन आले. माझं वाक्य आलं आणि माझं तोंड उघडेना. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दिग्दर्शक कुणाला तरी हळूच म्हणाला, "ते दुसरं पोरगं उद्या बोलावून बघा." मी ऐकलं. मला काही वाटलंसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा काका आले, आणि मी तोंड उघडायच्या आधीच पडद्यामागून आई हसली.

उचकी, चढत जाणारं हसणं, ‘अय अय, मेले मी!’

दिग्दर्शक ओरडला, "कोण हसलं ते? अजून विनोद झालेला नाही!" पण मी तोवर बोललो होतो. काकांना मागच्या रविवारची काकू कुठे ते विचारलं, खांदे उडवले, सगळं केलं. टेबलावरचे नट टाळ्या वाजवू लागले. बसमध्ये मी तुला विचारलं, "आई आहे ना पडद्यामागे?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "फीत आहे रे. तिची जुनी फीत लावली. मशीनवाल्याने चुकून आधी दाबली." तुझे डोळे सुजले होते. म्हणालीस, व्हरांड्यात विणत बसले होते, लोकर सोसत नाही मला.

चार वर्षं तुला लोकर सोसली नाही ताई, आणि चार वर्षांत तू एकही स्वेटर पुरा केला नाहीस. मला कधी शंका आली नाही. पोरांना पडद्यामागे जायची बंदी होती, आणि मला जायचंही नव्हतं. आत गेलो आणि आई नसली तर?

पोरीने फीत लावली. त्यांचा मायक्रोफोन दिवसभर चालूच असायचा बहुतेक, कारण हसणं सुरू व्हायच्या आधीचंही सगळं त्यात आहे. खुर्च्या करकरतायत, म्हातारबुवा खोकतायत, लांबून दिग्दर्शकाच्या शिव्या. मग अगदी जवळून एलोइसाबाईंचा आवाज.

"पोरी, तो बोलत नाहीये. तुझ्या आईसारखं, आयदेसारखं हस. घरी तिची नक्कल करायचीस ना तू? तीच म्हणायची, माझ्यापेक्षा थोरली बरी करते."

मग तुझा आवाज. एकोणीस वर्षांची तू.

"मावशी, नका ना. मला नाही जमायचं."

"मग उद्यापासून तिथे दुसरं पोर बसेल आणि हा घरात मुका बसेल. हस, बाळ."

 कुणीतरी नाक ओढतंय. आणि मग ती उचकी. ताई, ती उचकी नव्हतीच, तो हुंदका होता. तू त्याच्यावरून हसणं चढवत नेलंस. आईला जाऊन पंधरवडा झाला नव्हता आणि तुला तिच्या आवाजात म्हणावं लागलं, ‘मेले मी!’

त्यानंतर लांबून माझं वाक्य ऐकू येतं, स्वच्छ. एलोइसाबाई म्हणतात, "बघ, बोलला." आणि तू तोंडात काहीतरी कोंबून रडतेस, स्कार्फ असेल. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडतो, "छान! आता हसू जागेवर हवं, पुन्हा एकदा!" आणि तू पुन्हा हसलीस.

मी त्या पोरीला पुढची फीत लावायला सांगितली. मग त्याच्या पुढची. सगळीकडे तूच आहेस. जुनी फीत कधी नव्हतीच. एका फितीत मी लांबून म्हणतो, "आई, आजचं बरं झालं का?" मी पडद्याकडे बघून हात हलवायचो ना, तेव्हाचं असावं.  मग तू हसतेस, अगदी हळू, नुसतं माझ्यापुरतं.

पोरीने मशीन बंद केलं. "तुमची आई?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही. माझी बहीण." तिने पुन्हा माते ओतला.

ताई, तुला किती नावं ठेवली आम्ही! सदा तोंड पाडलेली म्हणून मावशा तुला ‘सोमवार’ म्हणायच्या, मीही म्हणायचो, मावशांची पोरंसुद्धा शिकली. मालिका संपली त्याच महिन्यात मला मावशीकडे ठेवून तू दक्षिणेला निघून गेलीस, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला वाटलं, हिला आपला कंटाळा आला. आता वाटतं, जिथे तो आवाज ऐकू येणार नाही इतक्या लांब जायचं होतं तुला. आणि मी तो तुझ्याच जेवणाच्या टेबलावर ऐकत बसलो आणि वर तुलाच बोललो.

काल मी सही करून आलो. हसू काढा म्हणालो. त्यांनी लगेच एक भाग तसा लावून दाखवला. पोरगा प्रश्न विचारतो, खांदे उडवतो, आणि मग टेबलावर नुसती शांतता, काटे-चमचे वाजतात. विनोद काही फार ग्रेट नव्हते गं. तरी मला ते चालेल. सप्टेंबरपासून तुझ्या घरचा टीव्ही कुणी बंद करायला नको, आणि कुठल्या बारमध्ये, कुठल्या बसस्थानकावर तुला कुणी हसायला लावणार नाही. ती फीत मी मागितली, दिली त्यांनी. ती तुझी आहे. जाळायची तर जाळ, ठेवायची तर ठेव. तुला विचारल्याशिवाय मी ती पुन्हा लावणार नाही.

आता जे राहिलं ते. सुरुवातीला लिहिलं की घरी सगळे ठीक आहेत. ते खरं नाही. तीस वर्षं मी आईसाठी रडलो नाही, कारण माझ्या लेखी ती गेलीच नव्हती. पडद्यामागे होती. तू तिला माझ्यासाठी जिवंत ठेवलंस, आणि तूही तिच्यासाठी मोकळेपणी रडली नाहीस, तुला सवडच मिळाली नाही.

ताई, आई परवा गेली. मंगळवारी दुपारी, चारच्या सुमारास. कळवायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. मी एकटा आहे, तू लवकर निघून ये.

तुझा धाकटा,
एदगार्दो