डोळे तेवढे राहिलेत

७ मार्च १९७२, सातारा
सकाळी आबा आले, औंधकडच्या एका खेड्यातले. मुलगा दत्तू पलटणीत. डिसेंबरच्या लढाईत बेपत्ता. तार आली, पुढं काही नाही. माझ्याकडून त्याचं मोठं तैलचित्र हवंय. फोटो? पिशवीतून पलटणीचा ग्रूप फोटो काढला. चाळीसेक जवान, तिसऱ्या रांगेत दत्तू, चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. "दुसरा न्हाई. ह्याच्यावरनंच काडा. एकदा हार घातला म्हंजी सुटलो." हो म्हणालो. का म्हणालो...

१० मार्च
भिंग घेऊन चौकटी आखल्या. टोपीची सावली निम्म्या तोंडावर. नाक माझ्या मनाचं, हनुवटी माझ्या मनाची. कॅनव्हासवर कुणीतरी आहे. दत्तू नाही.

१५ मार्च
आबांबरोबर त्यांची सून आली, दत्तूची बायको. इंदू. फार तर बावीस वर्षांची. कुंकू ठसठशीत.
आबा : "आसा न्हवता." मग कसा? "चांगला हुता."
ते पाणी प्यायला नळावर गेले तशी इंदू भरभर बोलली. हसताना वरचा ओठ डावीकडं उचलायचा. भुवईत लहानपणीची खोक, तिथं केस नाहीत. मग हळूच, "दादा, डोळं रंगवू नगासा. त्ये घरी आलं की मग रंगवा." आबा परतले तशी ती मागं सरकली.

२२ मार्च
ओठ जमला. एकदम.
निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचं चित्रही चालू आहे. दुपारी बायको डबा घेऊन आली, म्हणाली, "मास्तरांच्या मिशीखाली हे कुणाचं हसू?" पुसलं. संध्याकाळी बघतो तर परत तेच. हात माझाच. केव्हा काढलं, आठवत नाही.

२ एप्रिल
डोळे सोडून सगळं झालं. तिथं नुसता तपकिरी रंग, दोन खाचा. चित्राकडे पाठ करून काम होत नाही. कापड टाकलं, तर जास्तच. शेवटी चित्राची घोडीच, ईझल, भिंतीकडे वळवली. दुपारी मान आखडली तेव्हा ध्यानात आलं, सगळा वेळ तिकडेच तोंड करून बसलो होतो.

९ एप्रिल
आबा, एकटेच. चित्रापुढे उभे राहिले. "डोळं?"
रंग वाळायचाय म्हणालो. खोटं.
हात जोडले त्यांनी. "आवं पेंटर, यष्टीचा आवाज आला की म्हातारी उटून दारात जाती. रोज. बगवत न्हाई. संपवा आता."
दत्तूच्या आईचा विचार मी केलाच नव्हता.

१२ एप्रिल
सकाळच्या उजेडात रंगवले. फोटोत डोळे दिसतच नाहीत. आबांचे घेतले, सुरकुत्या वगळून. तासाभराचं काम. शेवटचा पांढरा ठिपका दिला, ब्रश टाकला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आत जाववेना.

१९ एप्रिल
इंदू आली. बाजाराचं निमित्त. वाटलं, भांडेल. आधी सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोवर तिनं पाहिलंच. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.
म्हणाली, "घरी न्हेलं की हार पडंल. हितंच ऱ्हाऊ द्या."
"बरं, ठेवतो." गेलं तोंडून.
मग स्टूल ओढून चित्रापुढे बसली. गाय व्याली, कालवड झाली. विहिरीचं पाणी खाली गेलंय. आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा, गुडघा दुखतोय. मी पॅलेट खरवडत राहिलो. उठताना "येते" म्हणाली. मला नव्हे.

२१ एप्रिल
आबांचं कार्ड. तयार असो नसो, सोमवारी न्यायला येतो, सोबत भाऊबंद आहेत.
दुपारपासून उत्तर लिहायला बसलोय. 'ती. आबांस सा. न.' एवढंच झालंय.