‘बला’ शब्दाच्या चिठ्ठ्या

७ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

पत्र पोचलं. पोराचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. माझी कंबर आहे तशी आहे. चालतेय तोवर तक्रार नाही.

‘अण्णांचा कागदी पसारा कधी आवरणार?’ असं विचारलंस. त्यांच्या शब्दकोशाचा एकच शब्द उरला होता: बला. संस्कृतात अर्थ बळ. शिवाय ऋषीने राजपुत्रांना दिलेली एक विद्या, जिच्यामुळे भूक-तहान लागत नाही. आणि एक झुडूप, म्हणजे आपला चिकणा. पुन्हा अतिबला, महाबला, नागबला ही झुडपं वेगळी, आणि प्रत्येकाची गावोगावी निराळी नावं. अण्णांनी तो गठ्ठा शेवटासाठी ठेवला होता. कोशाच्या ऑफिसातले आमचे हेडक्लार्क म्हणाले, "जाता जाता ही बला तुमच्या गळ्यात घालून गेले बघा, बाई." मी हसले. सोमवारी सकाळी दोरी सोडली.

अण्णांची पद्धत तुला माहीत आहे. रोप सांगणाऱ्याच्या हातात द्यायचं, त्याने नाव सांगायचं, मगच चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं नाव नसतं. क्रमांक असतो, आणि वय. एका चिठ्ठीवर चिकण्याचं नाव होतं: चिकूबाई. सांगणारी क्रमांक १७, वय ३४.

ते नाव कुठल्याच गावातलं नाही, धाकट्या. ते तुझं आहे. तीन वर्षांचा असताना परसातल्या चिकण्याला तू चिकूबाई म्हणायचास. घरात आपण चौघंच होतो.

मी नोंदवही काढली. सतरा: स्त्री, शिकलेली, आणि एक पत्ता. पुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "माहीत आहे तेवढं सांगेन." ते अक्षर मी रोज पाहते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘साखर’, ‘मीठ’ त्याच अक्षरात आहे. त्या पट्ट्या अण्णांनी कधी काढू दिल्या नाहीत.

आई गेली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती.

दोन दिवस सगळे खण उपसले. सतरा क्रमांकाच्या चारशे अकरा चिठ्ठ्या आहेत. वय ३४. वय ३५. वय ४१. वय ५२. शेवटची, अण्णांनी अंथरूण धरलं त्या महिन्यातली: वय ६०.

मला काही सुचत नाही. काय ते लिही.

ताई


१९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "गेलेल्या माणसाला उकरू नकोस, आणि मला यावर पुन्हा लिहू नकोस." लिहितेय. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी त्या पत्त्यावर जाऊन आले. बसने चार तास. लांब बैठी इमारत, आवारात भाजीचे वाफे, खिडक्यांना जाळी. मनाच्या आजारांचं इस्पितळ आहे. मेट्रन म्हणाली, "त्यांचे मिस्टर दर महिन्याला यायचे, पिशवीभर झाडपाला घेऊन. आम्ही हसायचो. गेली दोन वर्षं कुणी फिरकलं नाही."

ती बाकावर बसली होती. केस आखूड कापलेले. नाक तुझं. वाटेत उपटलेला चिकणा मी तिच्यापुढे धरला. दुसरं काही सुचेना.

तिने पान चुरडलं, बोटं एकमेकांना चिकटवून पाहिली.

"हापिसातून आलात का?"

"हो."

"हे का येत नाहीत?"

"बरं नसतं त्यांना."

एकोणतीस वर्षांनी आईशी बोलले, आणि दुसऱ्याच वाक्याला खोटं बोलले.

"जागरणं करतात. ऐकतात का कुणाचं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्ही तरी जेवलात का? तोंड बघा केवढंसं झालंय."

आता जे टाळत आलेय ते. तू हौदात पडलास आणि आईने तुला काढलं, असं मी तुला सांगत आले. तसं नव्हतं. मी नऊ वर्षांची. शाळा लवकर सुटली होती. ती हौदावर वाकली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. तू पाण्याखाली होतास. ती रडत नव्हती. कपडे धुताना असतं तसं तोंड होतं. मी किंचाळले. अण्णा धावत आले, तिला ढकललं, तुला ओढून काढलं. ती उठून घरात निघून गेली, मागे वळून न बघता. अण्णांनी तुला पालथं धरलं. बऱ्याच वेळाने तू श्वास घेतलास. ते बघायला ती तिथे नव्हती.

संध्याकाळी आपल्याला आत्याकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी आत्याने सांगितलं, आई तापाने गेली. मला वाटलं, मी ओरडले म्हणून गेली. म्हणून मी कधी कुणाला काही विचारलं नाही.

अण्णांनी कुणाला सांभाळलं, तिला की आपल्याला, मला कळत नाही. त्यांच्यावर रागवायला बसते आणि नुसतीच बसून राहते.

निघताना ती आपणहून बोलली. "यांची मुलगी आहे एक. हुशार आहे. धाकटा होता, तो माझ्या हातून गेला."

मी म्हणाले, "तो आहे. त्याला मुलगा झालाय."

ती हसली. माझी समजूत घालावी तशी. "हेही असंच म्हणायचे. फोटो दाखवायचे कुणाच्या तरी पोराचे. भला माणूस."

तू तिला माफ कर असं मी म्हणत नाही. ते सांगणारी मी कोण? पण तिच्या लेखी तू एकोणतीस वर्षं त्या पाण्याखाली आहेस, आणि इकडे तू दाढी करतोस, पोराला शाळेत सोडतोस, माझ्यावर डाफरतोस. हे मला पेलत नाही.

येत्या रविवारी भेटीची वेळ दहा ते बारा आहे. मी दहाला गेटपाशी असेन. साडेअकरापर्यंत थांबेन. उरलेल्या अर्ध्या तासात मला एकटीला तिला सांगावं लागेल की अण्णा गेले, मी कोण आहे, आणि तू का आला नाहीस. शेवटचं ऐकून ती नुसती मान हलवेल. तिच्या मते ते तिला माहीतच आहे.

तुला श्वास घेताना पाहिलेली,
ताई