शेवटच्या ओळीतलं नाव

आरमोरी, मंगळवार, कार्तिक वद्य, १९५६

उद्या दादाचं वर्षश्राद्ध. जंगलातल्या शाळांत त्याची हयात गेली. पाढेसुद्धा तुणतुण्यावर गाऊन शिकवायचा. इतकी गाणी रचली, कागदावर एकही नाही. गावोगाव दंडारीचे नाच-खेळ करणारी मंडळी ती गातात, पण शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव नसेल तर गाणं अपुरं म्हणून सोडून देतात. दादाचं शेवटचं गाणं तसंच राहिलं. आजारपणात माझ्यापाशी गुणगुणला, आणि नावाच्या ओळीआधीच गेला. मी ते अजून कुणालाही ऐकवलेलं नाही. उद्या ती ओळ मी जोडून द्यायची होती. कॉन्व्हेंटच्या प्रार्थना म्हणत वाढलेली मी, मला कुठलं जमायला?

आज सांजेला तलावाच्या पाळीवर मासेवाली गोदाबाई जाळं सांधता सांधता तेच गात होती. नावाच्या ओळीसकट. नाव दादाचं नव्हतं. ठकी.

लहानपणी मला ठकी फक्त तोच म्हणायचा.

“कुणी शिकवलं, गोदाबाई?”

“गुरुजीच तं शिकवून राह्यले.”

“अगं, त्यांना जाऊन वर्ष झालं.”

“मले का मालूम नाई? मनून तं अंधार पडल्यावरच येतेत. पर हे ठकी कोन वो, बाई?”

मी पाळीवरून तडक घरी आले.

ओळ मिळाली. उद्या मंडळींना दिली की गाणं पुरं. मग तो यायचा थांबेल का?

आता पाळीकडून कुणीतरी हाक मारतंय. अंधारात नावानं हाक आली तर ओ देऊ नये म्हणतात. पण ठकी म्हणणारं मला आता दुसरं कोण उरलंय?