बिनसरसाचा चुना

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. आज सकाळी आम्लाच्या ताटलीत जस्ताचा पत्रा सोडला, तो या वयातही रागानेच. आयुष्यभर रस्त्यावरच्या भिंती भडक रंगांनी भरणारी मी आता वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर सुईने रेघा ओरबाडत बसते, याचं लोकांना नवल वाटतं. पत्र्यावर मेण-डांबराचा थर द्यायचा, तो सुईने कोरायचा. कोरलं तेवढाच पत्रा आम्ल खातं. मग त्या खाचांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. रेघेवर रेघ इतकी दाटते की शेवटी काळोखच उरतो. एवढं काळं कशाला, असं विचारतात. मी म्हणते, रंगाचं चित्र कुणीही पुसतं, हे पुसून दाखवा. हे बोलणं त्यांना नसतं, तुम्हाला असतं.

आठवतं ना, मी सतरा वर्षांची आहे. तुम्ही पेंटर, इथपासून सावर्ड्यापर्यंत दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या. बंदराकडच्या मासळीबाजाराच्या भिंतीचा खालचा पट्टा तुम्ही मला देता आणि म्हणता, "काढ तुला काय हवं ता." मी समोर बसणारी कोळीण काढते. पाय पसरलेले, हातात कोयती, ओरडताना तोंड उघडं. तीन दिवस लागतात. ती स्वतः येऊन हसते, "अगो, दात तरी बरे काढ माझे!" चौथ्या दिवशी तो पुढारी येतो, ज्याचे सगळे फलक तुम्हीच रंगवता. "पेंटर, बाजाराची शोभा घालवलीत. ही बया उद्या दिसता कामा नये." आणि तुम्ही, एका वेलांटीवरून दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालणारे तुम्ही, हात जोडता. "पोरीचा खेळ हो, साहेब."

खेळ! तीन दिवस उन्हात उभी होते मी. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "गप गो. चुना कालव जा. नि सरस नको घालू त्यात." मी कालवला. तुम्ही दोन हात मारलेत आणि माझी बाई गेली. जूनमध्ये मी कोल्हापूरला शिकायला गेले. नंतर गणपतीला, शिमग्याला घरी यायचे, पण तुमच्याशी बोलणं कामापुरतं. तुम्ही गेलात तेव्हाही माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

गेल्या आठवड्यात या पत्र्यासाठी तोच बाजार रेखाटायला गेले होते. ती कोळीण अजून आहे. मासळीच्या पाटीवर आता सून बसते, ही बाजूला नुसती शिव्या घालायला. मला बघून म्हणाली, "पेंटराची ना गो तू? तुझी बाय आलेली की परत! पावसात चुना गेला नि मी दिसाय लागले. तो साहेब बोंबलत आला, तं तुझा बापूस बोलला, मी चुना मारला, आता माझं काम झालं. त्याचे सगळे फलक गेले मग बापसाच्या हातचे. पण भिंत पाडीपर्यंत मी होते तिथं."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. आणि आबा, राग कमी नाही झाला, वाढला. मला का नाही सांगितलंत? दर सणाला माझ्या ताटात वाढताना एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मूग गिळून बसलात आणि मला उभा जन्म तुम्हाला भित्रा समजू दिलंत. कसला हा मोठेपणा?

ठसा आत्ताच उतरवला. काळोखातून बाई बाहेर आली आहे, तोंड उघडं, दात अजून वाईटच. हे पत्र त्याच्या मागे ठेवून देते, पाठवायचं तरी कुठे. एक मात्र लिहिते. सरसाचा चिकटा नसलेला चुना पावसात टिकत नाही, हे तुम्ही मला लहानपणीच शिकवलं होतं, आणि ती बादली मीच कालवली होती. त्या वर्षी गणपतीला आले तेव्हा बंदराच्या रस्त्याने एकदा गेले असते तरी कळलं असतं. मी मुद्दाम वळसा घालून घरी आले. बाई तिथे असली तर तुमच्यावर रागवायचं कशावरून, याची मला भीती वाटली होती.